फेरेटला वेदनाशामक देताना: आधी वजन, मग मिलिलिटर

घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावायचा नाही, इथून सुरुवात. माणसांची २०० मिलिग्रॅमची आयबुप्रोफेनची एकच गोळी फेरेटच्या (मुंगसासारख्या दिसणाऱ्या छोट्या पाळीव प्राण्याच्या) जिवावर बेतू शकते: तोल जातो, ग्लानी येते, पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलही नको, कारण ते पचवून बाहेर टाकण्याची फेरेटच्या यकृताची ताकद मांजरासारखीच तोकडी असते. चुकून गोळी खाल्लीच, तर लक्षणांची वाट पाहू नका आणि घरी उलटी करवू नका. वेष्टन बरोबर घेऊन तडक पशुवैद्यांकडे जा.

फेरेट दुखणं लपवतो. डोळे अर्धवट मिटलेले, पाठीला पोक, करकर दात खाणं, वेटोळं न करता ताठ पडून राहणं, शेपटीचे केस पिंजारलेले, हात लावताच चावा, असं काही दिसलं की दुखतंय असं धरून चाला. पण लाळ गळतेय, नजर शून्यात आहे, मागचे पाय लुळे पडलेत, तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते. तीन-चार वर्षांपुढच्या फेरेटमध्ये इन्सुलिनोमा (स्वादुपिंडातली, जास्त इन्सुलिन सोडणारी गाठ) वरचेवर आढळतो. अशा वेळी हिरड्यांवर थोडा मध लावा (झटके येत असतील तर तोंडात बोट घालू नका) आणि दवाखाना गाठा.

पशुवैद्य बहुतेकदा मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक लिहून देतात, साधारणपणे किलोमागे ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. मात्रा त्यांनीच ठरवायची. तुमचं काम ती बिनचूक मोजायचं, आणि घोळ नेमका तिथेच होतो. हे पातळ औषध एका मिलिलिटरमध्ये ०.५ मिलिग्रॅम आणि १.५ मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदींत मिळतं. मादी ८५० ग्रॅमची आणि मात्रा किलोला ०.२ मिलिग्रॅम असेल, तर तिला ०.१७ मिलिग्रॅम औषध लागतं. म्हणजे ०.५ च्या बाटलीतून ०.३४ मिलिलिटर, १.५ च्या बाटलीतून जेमतेम ०.११. १.५ च्या बाटलीतून सवयीने ०.३४ ओढलंत, की तिप्पट डोस पोटात गेला. म्हणून दर वेळी नवी बाटली आली की लेबल वाचा आणि पशुवैद्यांकडून मिलिग्रॅम व मिलिलिटर दोन्ही लिहून घ्या. बाटलीसोबतच्या सिरिंजवर कुत्र्याच्या वजनाच्या खुणा असतात, ती बाजूला ठेवा. १ मिलिलिटरची साधी सिरिंज वापरा, सुई काढून. वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर, दर आठवड्याला.

बाटली नीट हलवा. आधी खायला द्या. उपाशीपोटी हे औषध पोटाला जास्त बाधतं. मानेची सैल कातडी धरून उचललं की फेरेट सैलावतो, बऱ्याचदा जांभईही देतो. तेव्हा सिरिंज गालाच्या बाजूने, सुळ्यामागून सरकवा आणि थेंबाथेंबाने सोडा. सरळ घशात पिचकारी मारली तर औषध श्वासनलिकेत जायची भीती. डोस चुकला तर पुढचा दुप्पट करायचा नाही.

जुलाब, उलट्या, शरीरातलं पाणी कमी झालेलं किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मेलॉक्सिकॅम देण्याआधी फोन करा. इन्सुलिनोमासाठी प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) चालू असेल तर दोन्ही एकत्र अजिबात नकोत, व्रणाचा धोका फार वाढतो. एक फसवं लक्षण ध्यानात ठेवा: दात खाणं हे दुखण्याचं लक्षण, तसंच पोटातल्या व्रणाचंही. औषध सुरू झाल्यावर दात खाणं वाढलं, तर ‘डोस पुरत नाहीये’ असं समजून तो वाढवू नका. शी डांबरासारखी काळी झाली किंवा खाणं सुटलं, तर पुढचा डोस थांबवून लगेच पशुवैद्यांना कळवा.

शस्त्रक्रियेनंतर ब्युप्रेनॉर्फिन (अफूवर्गीय वेदनाशामक) दिलं असेल तर गुंगी राहते. पिंजऱ्यातले झोके आणि वरचे मजले काढून टाका, ऊब द्या आणि दर तीन-चार तासांनी उठवून खाऊ घाला, कारण फेरेटचं अन्न तेवढ्या वेळात आतड्यातून पुढे निघून जातं. उठवूनही नीट जागा होत नसेल, तर ते औषधाच्या गुंगीवर ढकलू नका. साखर तपासून घ्या. गॅबापेंटिन (नसांच्या दुखण्यावरचं औषध) पातळ रूपात दिलं असेल, तर त्यात झायलिटॉल (रक्तातली साखर उतरवू शकणारा गोड पदार्थ) नाही ना, हे आधी औषधविक्रेत्याला विचारा.