जुन्या लेथला स्टेडी शोधताय? या चुका टाळा

जुना लेथ विकणारा चक (जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, धरून फिरवणारा पंजा) देतो, टूलपोस्ट देतो, चेंज गिअरचा अर्धामुर्धा डबाही देतो. स्टेडी, म्हणजे लांब जॉबला तीन बोटांनी आधार देणारी चौकट, मात्र हमखास हरवलेली असते. मशीन बटाल्याचं असो, राजकोटचं असो की हरिहरचं जुनं किर्लोस्कर, गोष्ट तीच. मग लांब शाफ्टचं काम येतं आणि नाशिकच्या अंबड-सातपूर लिंक रोडच्या बाजूला भंगारवाल्यांकडे चकरा सुरू होतात. शोधायला हरकत नाही, स्वस्तात चांगल्या स्टेड्या मिळतात. फक्त घाईत उचलू नका.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सेंटर हाइट (बेडपासून, म्हणजे लेथच्या खालच्या रुळांपासून, जॉबच्या मध्यापर्यंतची उंची) जुळली की पैसे मोजून मोकळं होणं. हाइट पाच-सात मिलिमीटर इकडेतिकडे असली तरी काही बिघडत नाही. तिला तीन बोटं दिलीत कशासाठी? ती पुढेमागे होतात आणि जॉबला सेंटरवर आणतात. फार तर मोठ्या व्यासाचा जॉब बसणार नाही. खरी भानगड बुडाशी असते. कुठल्या बेडला आत एक व्ही (उलट्या व्हीच्या आकाराचा रूळ) आणि एक फ्लॅट, कुठल्याला दोन्ही व्ही, त्यांच्यातलं अंतर वेगळं, खालच्या क्लॅम्पच्या पट्टीला जागा वेगळी.

सिन्नरकडच्या एका गृहस्थांनी अशीच एक वजनावर घेतली. सेंटर अगदी बरोबर, म्हणून खूश. बुडाला दोन व्ही, त्यांच्या बेडला एकच. मग काय, हँड ग्राइंडर घेऊन नडणारा भाग घासून टाकला. स्टेडी बसली, बोल्ट आवळला गेला, काम सुरू. बोअर (जॉबच्या टोकाला आतून कोरलेलं भोक) एकदा टेपर, एकदा तोंडाशी मोठा. त्यांनी आधी टूलला दोष दिला, मग हेडस्टॉकच्या (चक फिरवणाऱ्या डोक्याच्या) बेअरिंगला, आणि बेअरिंग बदललीसुद्धा! मी गेलो तेव्हा बेअरिंगचं बिल टेबलावरच होतं. डायलचा (बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाचा) मॅग्नेट बेडवर ठेवला, टोक स्टेडीच्या अंगाला टेकवलं आणि त्यांना क्लॅम्प आवळायला सांगितला. काटा जवळजवळ अर्धा मिलिमीटर सरकला. सैल केला, परत आला. बूड डुगडुगत असेल तर आवळताना स्टेडी स्वतःच वाकडी होते, मग वरची बोटं कितीही प्रेमाने लावा.

शेवटी बूड शेपरवर (धातू रंधणाऱ्या मशीनवर) सपाट केलं, खाली बिडाची (ओतीव लोखंडाची) प्लेट जोडली, प्लेटमध्ये त्यांच्या बेडप्रमाणे व्ही काढला आणि निळा रंग लावून डाग बघत स्क्रेप केला (टेकणारे डाग हाताने खरवडले). ग्राइंडरने बरंच बूड खाल्लं होतं म्हणून प्लेटला जागा मिळाली, तेवढं नशीब. म्हणून सांगतो, उंच स्टेडीपेक्षा बुटकी घ्या. बुटकीखाली प्लेट टाकता येते. उंच असली की बूड कापावं लागतं आणि बीड पातळ होऊन एक दिवस तडकतं. माझी सवय अशी की आपल्या बेडच्या आकाराचा पत्र्याचा फर्मा कापायचा, त्यावर सेंटर हाइट रेघेने मारायची आणि तो खिशात घालूनच बाजारात जायचं. मापं तोंडपाठ म्हणणारे लोक तिथे दुकानात उभं राहून घरी फोन लावतात.

दुसरी चूक महागात पडते: बोटं नजरेने लावणं. पिंपळगावकडच्या एका वर्कशॉपमध्ये द्राक्षबागेच्या ब्लोअरचा शाफ्ट लावला होता. एका टोकाला चक, दुसऱ्या टोकाला स्टेडी, टोकाला बोअर मारायचा. पोराने बोटं टेकवली, शाफ्ट फिरतोय म्हटल्यावर मशीन चालू केलं आणि फोन बघत बसला. स्टेडी सेंटरपासून बाजूला सरकलेली असली की शाफ्ट चकच्या जॉजमध्ये (पकडणाऱ्या दातांमध्ये) दर फेऱ्याला किंचित डुलतो आणि डुलत डुलत बाहेर सरकतो. जुन्या चकचे जॉज तोंडाशी पसरलेले असले तर आणखी लवकर. तो शाफ्ट सुटला, वाकला आणि टेलस्टॉकवर (चकच्या समोर, बेडच्या दुसऱ्या टोकाला असतो तो) आदळला. कोणाला लागलं नाही.

यावर उपाय साधा आहे, वेळ तेवढा द्यावा लागतो. जॉब चकमध्ये धरून डायलने आधी सरळ करा. स्टेडी चकजवळ आणा, कारण तिथे जॉब आधीच सेंटरवर असतो. खालची दोन बोटं आधी, वरचं शेवटी. बोटाच्या समोरच्या बाजूला डायल ठेवा. काटा हलला की बोट जास्त दाबलं, परत घ्या. मग बोटांना हात न लावता स्टेडी टोकाकडे न्या. दोन्हीकडचा व्यास एकच असेल तरच हे चालतं, नाहीतर टोकाला पुन्हा डायलने लावावं लागतं. टेलस्टॉकच्या सेंटरवर भरवसा ठेवू नका. जुन्या मशीनचं टेलस्टॉकचं बूड झिजून सेंटर खाली बसलेला असतो. शेवटी जॉजच्या तोंडाशी जॉबवर पेन्सिलीची रेघ मारा. मशीन थोडा वेळ चालवून बंद करा आणि बघा. रेघ आणि जॉजमध्ये फट दिसली तर पुन्हा पहिल्यापासून. ही रेघ मारायचा कंटाळा करणाऱ्याला मी लांब जॉब देत नाही.

काळ्या बारवर (टर्न न केलेल्या कच्च्या सळईवर) थेट बोटं लावू नका, तो गोल नसतो. बोटं बसतील तेवढा पट्टा आधी टर्न करा, किंवा चारी बाजूंनी बोल्ट असलेला बुश चढवून बाहेरून डायल करा.

६२०० नंबरची बॉल बेअरिंग बोटांना लावली तर रबर सीलची घ्या, आणि तरीही पुठ्ठ्याची चकती जॉबवर चढवून चिप्स अडवा. बेअरिंगखाली आलेली चिप जॉबवर कायमची छापली जाते. गनमेटलची (कांशाच्या जातीची) बोटं असतील तर तेल आणि कमी आरपीएम. जॉब तापला की फुगतो, मग बोटं जरा सैल करावी लागतात.

टोकाचं काम असेल तर स्टेडी बांधण्याआधी कॅरेज (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) टेलस्टॉकच्या बाजूला घ्या, नाहीतर ती चककडे अडकते आणि टूल टोकाला पोहोचत नाही. हसू नका, सगळं सेट झाल्यावर हे रोज कोणीतरी शोधून काढतो.

प्लेट गॅसने कापून, वेल्ड करून स्टेडी बनवायची असेल तर मशीनिंग वेल्डिंगनंतर. आधी केलेलं सगळं वाया जातं.

एकाच मापाचे चार शाफ्ट करायचे असतील तर स्टेडी विकतही घेऊ नका. बाभळीचा वाळलेला ठोकळा घ्या, खाली बेडचा व्ही काढा, चकमध्ये ड्रिल आणि मग बोरिंग बार धरून ठोकळा टेलस्टॉकने ढकलत भोक करा. आपल्याच लेथचा सेंटर आपोआप मिळतो. मग ठोकळा भोकाच्या मधोमध आडवा चिरायचा, दोन बोल्ट, भरपूर ग्रीस. काही जॉबनंतर भोक सैल होतं. वरच्या अर्ध्याच्या जोडावर रंधा एकदा फिरवला की पुन्हा बसतं.