होस्टिंग घेताना या चुका टाळा: जीबी मोजू नका, एका वेळचं गिऱ्हाईक मोजा

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधलं दुकान असो, हुपरीचा चांदी कारखानदार असो की अंबाबाईच्या देवळाजवळचं यात्री निवास, होस्टिंग (साईट ठेवायला सर्व्हरवर, म्हणजे चोवीस तास चालू असलेल्या कॉम्प्युटरवर, भाड्याने घेतलेली जागा) घेताना बहुतेक जण दोनच आकडे बघतात: महिन्याचे रुपये आणि जागेचे जीबी. साध्या दुकानाची अख्खी साईट दोन-तीन जीबीत मावते. त्यामुळे शंभर जीबी आणि ‘अनलिमिटेड’ यात तुमच्या दृष्टीने काडीचा फरक नाही. बघायचे आकडे वेगळेच असतात. ते विचारायचा कंटाळा केला की नेमकी सणाच्या तोंडावर साईट बसते, आणि आलेलं गिऱ्हाईक परत जाताना पाहवत नाही.

स्वस्तातल्या शेअर्ड प्लॅनवर चालतं दुकान

हे दरवर्षी घडतं, म्हणून सविस्तर सांगायला हवं. कोल्हापुरी चप्पल विकणारं एक दुकान, वर्डप्रेसवर (साईट बनवायचं सॉफ्टवेअर) वूकॉमर्स (त्यावर दुकान चालवायची जोडणी), सगळ्यात स्वस्त शेअर्ड प्लॅन, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साईट. वर्षभर दिवसाला चाळीस-पन्नास माणसं येतात, सगळं सुरळीत. दिवाळीच्या आधी रात्री आठला इन्स्टाग्रामवर रील पडते, चालते, आणि दहा मिनिटांत फोन सुरू: “दादा, साईट उघडंना झालीया.” पडद्यावर ‘508 रिसोर्स लिमिट इज रीच्ड’. मालक घाईघाईने जुने फोटो उडवून जागा मोकळी करतो. जागा तर आधीपासून मोकळीच होती. तासभराने साईट आपोआप उठते, कारण गर्दी निघून गेलेली असते.

आत काय झालं ते बघा. बऱ्याच शेअर्ड सर्व्हरवर क्लाउडलिनक्स (सर्व्हर चालवणारी सिस्टिम) असतं आणि ते प्रत्येक खात्याला मर्यादा घालतं. नेहमी दिसणारे आकडे म्हणजे प्रोसेसरचा एक कोर, 1 जीबी मेमरी (रॅम) आणि 20 एंट्री प्रोसेस. एंट्री प्रोसेस म्हणजे एका क्षणी चालू असलेल्या पीएचपीच्या (पान तयार करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) विनंत्या. एक पान तयार व्हायला 3 सेकंद लागत असतील, तर 20 भागिले 3, म्हणजे सेकंदाला सहा-सात विनंत्या निघतात. वूकॉमर्समध्ये एक माणूस एक पान उघडताना बऱ्याचदा दोन विनंत्या पाठवतो, एक पानाची आणि एक कार्टचा आकडा ताजा करायची. म्हणजे सेकंदाला तीनच माणसं. गर्दी वाढली की कोर पुरत नाही. क्लाउडलिनक्स तेव्हा एरर देत नाही, काम हळू करतं. 3 सेकंदांचं पान 10 सेकंदांवर जातं, वीसच्या वीस जागा अडकतात आणि एकविसाव्याला 508 मिळतो.

म्हणून आधी सीपॅनेलमध्ये (होस्टिंगचं कंट्रोल पॅनेल) ‘रिसोर्स युसेज’ उघडा आणि फॉल्ट्सचा, म्हणजे मर्यादा किती वेळा गाठली याचा, रकाना वाचा. एंट्री प्रोसेसचे फॉल्ट दिसले तर पेज कॅश लावा (एकदा तयार झालेलं पान साठवून सगळ्यांना तेच द्यायचं). सर्व्हरचं सॉफ्टवेअर लाइटस्पीड असेल तर त्याचंच कॅश प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) घ्या, म्हणजे तयार पान पीएचपीला न शिवता जातं. कार्टचा आकडा ताजा करणारी विनंती कार्ट आणि चेकआउट सोडून बाकी पानांवर बंद करा. मेमरीचे फॉल्ट असतील तर प्लगइन एकेक बंद करून कोणतं खातंय ते शोधा. एवढं करूनही कार्ट आणि चेकआउट कॅश होत नाहीत, आणि पैसे तर तिथेच येतात. त्यामुळे सणाला एका वेळी दहा-पंधरा जण पैसे भरत असतील तर प्लॅन वाढवायलाच हवा, आणि तोही सणाच्या महिनाभर आधी. गर्दीच्या रात्री प्लॅन बदलू नका.

वाढ कधी येईल ते आधी कळतही नाही. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोनंतर कोल्हापुरी चप्पल अचानक जगभर चर्चेत आली. अशा वेळी ज्याची साईट उघडी, त्याचाच धंदा.

‘अनलिमिटेड’ला भुलणं

जागा अनलिमिटेड असली तरी फाइलींची संख्या मोजलेली असते. त्याला आयनोड म्हणतात. वर्डप्रेस एका फोटोच्या पाच-सहा मापांच्या प्रती बनवतं, वूकॉमर्स आणखी दोन-तीन. 500 वस्तू, प्रत्येकी 4 फोटो, फोटोमागे 9 फाइली, झाल्या 18,000. त्याच खात्यावरच्या मेलबॉक्समधली प्रत्येक मेल ही सुद्धा एक फाइल असते. खरेदीआधी आयनोडची मर्यादा लेखी विचारा.

कुणी सांगितलं म्हणून व्हीपीएस घेणं

शेअर्डवर पोळलेला माणूस थेट दुसऱ्या टोकाला जातो. 1 जीबी रॅमचा व्हीपीएस (सर्व्हरचा फक्त तुमच्यासाठी राखलेला भाग), एक व्हिडिओ बघून टाकलेली उबुंटू (लिनक्स सिस्टिम), आणि पुढे सहा महिने तिकडे कुणी फिरकत नाही. व्हीपीएस म्हणजे रिकामी खोली भाड्याने घेणं. कुलूप, वायरिंग, झाडलोट सगळं आपलं. सर्व्हर चालू केल्यापासून काही तासांत 22 नंबरच्या पोर्टवर (सर्व्हरमध्ये लॉगिन करायचं दार) पासवर्ड लावून बघणारे बॉट येतात. त्यामुळे पहिल्याच दिवशी पासवर्डने लॉगिन बंद आणि की चालू, फायरवॉलमध्ये फक्त 22, 80, 443 उघडे, डेटाबेसचं 3306 बाहेरून बंद, सुरक्षा अपडेट आपोआप. यातला एकही शब्द ओळखीचा नसेल तर साधा व्हीपीएस घेऊ नका. मॅनेज्ड (देखभाल कंपनी करते तो) घ्या, जास्तीचे पैसे द्या. ते पैसे वाया जात नाहीत.

दुसरा घोळ मेमरीचा. रात्री दोनला साईटवर ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’. बऱ्याचदा कारण एकच असतं: साईट हळू वाटली म्हणून कुणीतरी पीएचपी-एफपीएमचे ‘मॅक्स चिल्ड्रन’ (एका वेळी किती पीएचपी प्रोसेस चालतील तो आकडा) 5 वरून 20 केलेले असतात. वूकॉमर्सची एक प्रोसेस साधारण 80 एमबी धरली तर वीसचे झाले 1600 एमबी, आणि रॅम 1024. मेमरी संपली की लिनक्स सगळ्यात जड प्रोसेस मारतं, आणि ती बहुधा मायएसक्यूएल (डेटाबेस) असते. ती पुन्हा उठते, पुन्हा मारली जाते. हिशेब सोपा आहे. 2 जीबी रॅममधून 400 एमबी मायएसक्यूएलचे आणि 300 सिस्टिमचे काढा, उरले साधारण 1350, भागिले 80, म्हणजे सोळा. थोडी मोकळीक ठेवून ‘मॅक्स चिल्ड्रन’ बारा ठेवा. सोबत 2 जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा). 1 जीबीवर वूकॉमर्सचं दुकान मांडूच नका.

साध्या साईटला मोठं होस्टिंग

शिरोलीच्या फाउंड्रीला पाच पानं, मशिनांचे फोटो आणि पत्ता एवढंच हवं असेल तर वर्डप्रेससुद्धा कशाला? साधी एचटीएमएल पानं क्लाउडफ्लेअर पेजेसवर (अशी तयार पानं ठेवायची सेवा) फुकट चालतात, हॅक व्हायला आत काही नसतं आणि गर्दीचा प्रश्नच येत नाही. इथे महागडा व्हीपीएस गळ्यात मारणारे डिझायनर गिऱ्हाइकाचं नुकसान करतात.

डोमेन दुसऱ्याच्या नावावर

साईट बनवणाऱ्या पोराने स्वतःच्या ईमेलवर डोमेन (साईटचं नाव) घेतलं, पोरगं पुण्याला नोकरीला गेलं, फोन उचलत नाही. पाटी तुमची, पण किल्ली त्याच्याकडे. डोमेनचं खातं स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाईलवर काढा आणि नूतनीकरण ऑटोवर ठेवा. डॉट कॉम मुदत संपून रिडेम्प्शनमध्ये (मुदतीनंतरच्या सोडवणुकीच्या टप्प्यात) गेलं की सोडवून घ्यायला 30 दिवस असतात आणि दंडही भरावा लागतो. नंतर 5 दिवसांत नाव सगळ्यांना मोकळं होतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. गिऱ्हाईक सांगली-साताऱ्याचं आणि सर्व्हर अमेरिकेत, असं करू नका. विनंती जाऊन उत्तर यायच्या एका फेरीलाच 200 मिलिसेकंदांच्या वर जातात आणि पान दिसण्याआधी अशा तीन-चार फेऱ्या होतात. मुंबई किंवा बंगळुरूचा सर्व्हर मागा. पहिल्या वर्षाचा भाव बघून तीन वर्षांचे पैसे भरण्याआधी नूतनीकरणाचा भाव 18 टक्के जीएसटी धरून काढा. एसएसएलचे (साईटच्या https कुलपाचे) वेगळे पैसे मागितले तर लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं हे सांगा. ऑर्डरच्या मेल स्पॅममध्ये जात असतील तर एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याकडून आली हे पटवणाऱ्या डोमेनच्या नोंदी) तपासा. बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवला तर सर्व्हरबरोबर तोही जातो. गुगल ड्राइव्हवर पाठवा आणि तीन महिन्यांतून एकदा दुसरीकडे उघडून बघा, कारण न उघडलेला बॅकअप चालेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

आणि होस्टिंग बदलताना जुनं त्याच दिवशी बंद करायची घाई नको. एक दिवस आधी डीएनएसचा (डोमेन कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी नोंदवही) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत, 300 सेकंदांवर आणा, नवी साईट हलवा, एक खरी ऑर्डर टाकून पैसे जमा झाले का बघा, आणि जुनं खातं किमान दहा दिवस चालू ठेवा. मेलबॉक्स तिथे असतील तर त्या दहा दिवसांत रोज जुन्या इनबॉक्समध्येही डोकावा, चुकलेल्या ऑर्डरी तिथेच पडलेल्या असतात.