बॉल पायथनची अंडी कापायची केव्हा : माझा अनुभव

टेक्सासमध्ये घरी बॉल पायथन (एक बिनविषारी, लहान जातीचा अजगर) पाळताना दर हंगामात मला एकच प्रश्न छळत असे, तो म्हणजे अंडी कापायची केव्हा, म्हणजे पिल्लांना बाहेर पडणे सोपे जावे म्हणून कवच उघडायचे केव्हा? इन्क्युबेटर (अंडी उबवण्याची पेटी) ३१ ते ३२ अंश सेल्सिअसवर असेल, तर पिल्ले साधारण ५५ ते ६० दिवसांत बाहेर येतात, म्हणून अनेक जण पंचावन्नावा दिवस उजाडला की कात्री हातात घेतात. मला हे पटत नाही, कारण तापमान थोडे जरी कमी राहिले तरी तारीख पुढे सरकते, आणि आतल्या बलकाला काही कॅलेंडर कळत नाही.

अखेरच्या दिवसांत अंडी पिचकतात, पण तेवढ्यावरून मी घाई करत नाही (आर्द्रता कमी पडली तरी ती पिचकतातच). एखादे पिल्लू वरच्या जबड्याच्या टोकावरील तात्पुरत्या दाताने कवच चिरून नाक बाहेर काढेपर्यंत थांबतो, आणि त्यानंतर एक दिवस उलटूनही जी अंडी जशीच्या तशी राहतील तेवढीच उघडतो. आधी टॉर्चच्या उजेडात रक्तवाहिन्या कुठून जातात ते पाहतो, मग अंडे न फिरवता वरच्या बाजूला बोथट टोकाच्या बारीक कात्रीने नखाएवढी खिडकी पाडतो. कवच चामड्यासारखे असल्याने ते चिमटीत वर उचलून कापावे लागते, टोक आत खुपसायचे नाही. रक्त दिसले तर तिथेच थांबतो. पिल्लाला ओढून मात्र कधीच काढत नाही, कारण पोटाशी उरलेला बलक शोषला गेला की ते बहुधा एक-दोन दिवसांत आपणहून बाहेर येते.