थाई जोडीदाराचे लग्नानंतरचे आडनाव आणि परदेशातून काढायचा नवा पासपोर्ट

थाई नागरिकाच्या पासपोर्टवर कोणते आडनाव छापले जावे, हे दूतावासात ठरत नाही. ते थायलंडमधील नागरी नोंदींत आधीच ठरलेले असते आणि दूतावासातील कर्मचारी अर्जदाराच्या तेरा अंकी ओळख क्रमांकाखाली जे नाव नोंदलेले असेल तेच अर्जावर उतरवतात. त्यामुळे परदेशात लग्न झाले, तेथील विवाहाचा दाखला हाती आला आणि तेवढ्या बळावर नव्या आडनावाचा पासपोर्ट मागितला, तर तो मिळत नाही. आधी विवाहाची थायलंडमध्ये नोंद करावी लागते, मग आडनाव बदलते, त्यानंतर घरनोंदणीची पुस्तिका (घरात कोण राहते याची सरकारी नोंद) व ओळखपत्र दुरुस्त होते आणि पासपोर्टची पाळी सर्वांत शेवटी येते.

मुळात आडनाव बदलण्याची सक्ती आता राहिलेली नाही. पत्नीने पतीचेच आडनाव लावले पाहिजे ही तरतूद थायलंडच्या घटना न्यायालयाने २००३ मध्ये घटनाबाह्य ठरवली आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर दोघांपैकी कोणाचेही आडनाव घेण्याची किंवा आपापले कायम ठेवण्याची मोकळीक मिळाली. २००८ च्या कायद्याने विवाहित स्त्रीला नावामागे ‘नांग’ लावायचे की ‘नांगसाओ’ हेही निवडता येते. पासपोर्टवर त्याचेच मिसेस किंवा मिस होते. २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाहही कायदेशीर झाल्यामुळे अशा जोडप्यांनाही हाच प्रश्न पडणार आहे. माझे मत विचाराल तर निवास परवाना, बँक खाते आणि पदव्या माहेरच्या नावाने असतील, तर केवळ रीत म्हणून आडनाव बदलण्यात अर्थ नाही. पुढचा सगळा खटाटोप त्या एका निर्णयाने टळतो.

बदलायचेच असेल, पण पासपोर्टची मुदत जवळ आली असेल, तर आधी जुन्याच नावाने नवा पासपोर्ट काढून घ्यावा. आपण सवयीने नूतनीकरण म्हणतो खरे, पण थाई पासपोर्टची मुदत वाढवून मिळत नाही. दर वेळी नवा क्रमांक असलेली नवी पुस्तिका मिळते. अर्जदाराला स्वतः हजर राहून छायाचित्र आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. वीस वर्षांवरील व्यक्तीला पाच किंवा दहा वर्षांची मुदत निवडता येते. थायलंडमध्ये त्यासाठी अनुक्रमे १,००० आणि १,५०० बाट शुल्क आहे, तर दूतावासांचे दर स्थानिक चलनात वेगळे असतात. वर्षा-दोन वर्षांत नाव बदलण्याचा विचार असेल तर दहा वर्षांचे पैसे भरू नयेत. पुस्तिका थायलंडमध्ये तयार होऊन येते, म्हणून काही आठवडे हाताशी ठेवावेत. दूतावास लांब असेल तर त्याचे फिरते पथक आपल्या शहरात कधी येणार आहे, हे पाहून ठेवावे.

आता नावबदलाचे मुख्य काम. परदेशी विवाह दाखल्यावर आधी त्या देशाच्या संबंधित खात्याचे आणि नंतर तेथील थाई दूतावासाचे प्रमाणीकरण घ्यावे लागते. मग त्याचे थाई भाषांतर करून बँकॉकच्या चेंग वत्तना मार्गावरील वाणिज्यदूत व्यवहार विभागाकडून ते प्रमाणित करून घ्यायचे आणि आम्फोत, म्हणजे जिल्हा कार्यालयात, विवाहाची नोंद करायची. या नोंदीला ‘खो रो २२’ म्हणतात. तिच्या आधारे आडनाव बदलल्याचा दाखला मिळतो आणि घरनोंदणीच्या पुस्तिकेत, म्हणजे ‘थाबियन बान’मध्ये, नवे नाव चढते. जेथे आपली घरनोंदणी आहे त्याच आम्फोत हे सारे केल्यास फेऱ्या वाचतात.

या टप्प्यावर सर्वांत जपण्याची गोष्ट म्हणजे परदेशी आडनावाचे थाई लिपीतील लेखन. ‘स्मिथ’ घ्या. थाई लिपीत ‘थ’ या ध्वनीसाठी एकाहून अधिक अक्षरे आहेत आणि भाषांतरकाराने शेवटी एक अक्षर लिहिले व आम्फोतील लिपिकाने दुसरे, तर कागदोपत्री ती दोन वेगळी आडनावे होतात. म्हणून लेखन स्वतः ठरवून भाषांतरकाराला लिहून द्यावे, प्रमाणीकरणाचा शिक्का बसण्यापूर्वी प्रत्येक अक्षर ताडून पाहावे आणि रोमन लेखन जोडीदाराच्या पासपोर्टप्रमाणेच राहील याकडे लक्ष द्यावे. तारखाही तपासाव्यात, थाई कागदांवर बुद्ध संवत असतो, त्यामुळे २०२५ चे २५६८ होते आणि ५४३ ची ही बेरीज घाईत चुकू शकते.

थायलंडला जाणे शक्य नसेल तर दूतावासाने प्रमाणित केलेले मुखत्यारपत्र पाठवून नातेवाइकाकरवी विवाहाची नोंद करून घेता येते. ओळखपत्रासाठी मात्र ज्याचे त्यालाच हजर राहावे लागते. काही दूतावासांत ते काढण्याची सोय आहे. आपल्या दूतावासात ती आहे का, हे मुखत्यारपत्र करण्यापूर्वीच विचारावे. नाव बदलल्यावर ओळखपत्र ६० दिवसांत बदलून घ्यावे लागते, म्हणून शक्य असेल तर दोन्ही कामे थायलंडच्या एकाच मुक्कामात उरकावीत. पासपोर्टही त्याच मुक्कामात काढला तर तो काही दिवसांत हातात पडतो.

मात्र तसे केल्यास विमानाच्या तिकिटाचा घोळ होतो. जाताना पासपोर्ट जुन्या नावाचा आणि परतताना नव्या नावाचा असेल, तर एकाच आरक्षणावरील परतीचे तिकीट विमानतळावर अडते. अशा वेळी दोन्ही बाजूंची तिकिटे वेगवेगळी काढावीत किंवा विमान कंपनीकडून नाव बदलून मिळेल का, हे आधीच विचारून घ्यावे. निवास परवाना अजून जुन्या नावाचा असल्यामुळे रद्द झालेला पासपोर्ट, विवाहाचा मूळ दाखला आणि आडनाव बदलल्याचा दाखला इंग्रजी भाषांतरासह हातातल्या बॅगेत ठेवावा. सामानात टाकलेला कागद तपासणीच्या खिडकीवर कामाला येत नाही. परतल्यावर निवास परवाना सर्वांत आधी बदलावा, कारण बँक आणि इतर कचेऱ्या पासपोर्टबरोबर तोच पाहायला मागतात.