बूस्ट वाढवलाय? मग रेल प्रेशर बघा

टर्बो गाडीचा बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब) वाढवला की पहिली धाप फ्युएल पंपाला लागते, आणि ती ऐकू येत नाही. नुसत्या एएफआर (हवा-इंधन प्रमाण) मीटरवर विसंबू नका. वाइडबँड करेक्शन (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरवरून इंधन आपोआप जुळवणं) चालू असेल तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवून कमतरता झाकत राहतो. फ्युएल रेलवर (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या पाइपवर) प्रेशर सेन्सर बसवून लॉगिंग करा.

पोर्ट इंजेक्शनच्या (इंधन इनटेकमध्ये फवारणाऱ्या) गाडीत फ्युएल प्रेशर रेग्युलेटरला इनटेक मॅनिफोल्डची नळी जोडलेली असेल तर हिशेब सोपा आहे. नळी काढून बेस प्रेशर ३ बार येतं ना? मग १ बार बूस्टला ४ दिसायला हवेत. डायनोवर (गाडीची ताकद मोजायच्या मशीनवर) फुल थ्रॉटलमध्ये वरच्या आरपीएमला काटा ३.६ वर घसरला, तर तिथेच पाय काढा.

लगेच मोठा पंप मागवू नका (दुकानदार तेच सुचवणार!). आधी फिल्टर बघा, मग पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. बॅटरीवर १३.८ आणि इथे १२ व्होल्ट, म्हणजे चोर वायरिंगमध्ये. जाड वायर, वेगळा रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज टाका. रिलेचा ट्रिगर मात्र पंपाच्या मूळ वायरवरूनच घ्या. अपघातात इंजिन बंद पडलं की पंपही थांबला पाहिजे.