संशोधन केंद्रावर हातचं कसब पुढे देताना या चुका टाळा

विदर्भातल्या कापूस संशोधनाचं अर्धं ज्ञान फायलींत असतं, अर्धं माणसांच्या बोटांत. बदलीचा आदेश निघाला की फायलींचा चार्ज दिला जातो. बोटांतलं तसंच निघून जातं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

सर्वांत मोठी चूक म्हणजे हाताचं काम सभागृहात शिकवणं. कपाशीचा संकर, म्हणजे दोन वाणांचं मीलन, हेच उदाहरण घ्या. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर निवडायची, बुडाशी नख फिरवून पाकळ्या आणि पुंकेसरनळी (फुलातला पराग देणारा नर भाग) एकत्र काढायची, आतल्या अंडाशयाला धक्का लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाच्या फुलाचे पराग लावायचे. एवढं पुस्तिकेत मिळतं. नख किती खोल जाऊ द्यायचं, ते मात्र ओळीत शेजारी उभं राहूनच कळतं. आधी जाणत्याचं पाहा, मग तुमचं त्याला पाहू द्या. दुसरी पायरी बहुतेक जण गाळतात.

बोंडं गळाली की लगेच हवामानावर ढकलू नका. जुना आणि नवा हात एकाच दिवशी, एकाच ओळीत लावा. कळ्यांना वेगळ्या रंगांचे दोरे बांधा. दोघांचीही गळाली तर पाऊस, पराग तपासा. नव्याचीच गळाली तर त्याचं नख पाहा. संकरित बियाण्यातून मादी वाणासारखीच झाडं निघाली, तर पुंकेसर मागे राहत असण्याचा संशय आधी घ्या.

विचारण्यातही चुकतं. क्रॉसिंग, म्हणजे हाच संकर, करणाऱ्या बायांना ‘तुमची पद्धत सांगा’ म्हटलं, की उत्तर येतं, ‘आमाले काय समजते जी, तुमालेच मायीत.’ त्याऐवजी काम चालू असताना विचारा, ‘मावशी, ही कळी का सोडली?’ सांगणारीचं नाव नोंदवहीत लिहा. तो तिचा हक्क आहे.

नोंदीही अपुऱ्या राहतात. गुलाबी बोंडअळीसाठी सलग ३ रात्री, दर रात्री प्रति कामगंध सापळा ८ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे तिथे उपाय करायलाच हवा. मग ‘पतंग आढळले’ एवढं लिहून काय उपयोग? ल्यूर, म्हणजे सापळ्यातलं पतंगांना ओढणारं गंधाचं आमिष, कधी बदलला तेही लिहा. नाहीतर पतंग खरंच घटले की नुसता ल्यूर संपला, हे पुढच्याला कळणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो हंगाम संपेपर्यंत सापडेनासे होतात, म्हणून वहीच ठेवा.

कुणी उन्हाळ्यात निवृत्त होणार असेल, तर त्याच्यासोबत नवा माणूस आदल्या खरिपातच द्या. मे महिन्यात शेतात दाखवायला कळी नसते.