घोड्यावरून चार दिवस माळरानात: सोलापूर भागातल्या सहलीत या चुका टाळा

पहिला दिवस बहुतेकांचा छान जातो. बिघडतं ते दुसऱ्या दिवशी. खोगीर घेऊन जवळ गेलं की घोडा कान मागे पाडतो, स्वाराच्या मांड्या सोललेल्या असतात, आणि तिसऱ्या मुक्कामी एखादा घोडा चंदीकडे, म्हणजे दाण्याच्या खुराकाकडे, बघतही नाही. यातलं काहीच त्या दिवशी सुरू झालेलं नसतं. कारण शोधायला आदल्या सकाळकडे जावं लागतं, कधी निघण्याआधीच्या आठवड्याकडे.

रंग आणि नखरा बघून घोडा घेणं

अकलूजच्या घोडेबाजारात नाचणाऱ्या घोड्याभोवती गर्दी जमते. पण वरातीला शिकवलेला घोडा लगाम ताणलेला असताना जागच्या जागी थयथय करतो आणि दहा किलोमीटरात घामाघूम होतो. लांबच्या वाटेला ताशी पाच-सहा किलोमीटर एकसारखा चालणारा, थोडा कंटाळवाणा घोडा हवा. भीमथडीच्या तट्टांचा लौकिक चिवटपणाचा आहे, पण चिवट म्हणून त्यांच्यावर वाटेल तेवढं वजन घालायचं नसतं.

हिशोब सोपा आहे. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (मागच्या भागाच्या) टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०. घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर वजन येतं सुमारे ३४४ किलो. स्वार, खोगीर आणि पडशी मिळून याच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे ६८-६९ किलोपर्यंत थांबायचं. खोगीरच आठ किलोचं असेल तर पडशीशिवाय साठ किलोच्या माणसाला हा घोडा ठीक. ऐंशी किलोच्या पाहुण्याला यावर बसवलं तर घोड्याची पाठ भरणारच, म्हणजे दुखावून सुजणारच.

खोगीर: सगळ्यात महागात पडणारी चूक

खोगिराखालच्या घोंगडीची एक चुणी पुरते. चार तास तिच्यावर वजन घासलं की कातडी गरम होते, रात्री तिथे सूज येते आणि सकाळी बोट लावताच घोडा पाठ खाली दाबतो. घोंगडी आधी पुढे, मानेच्या बाजूला ठेवा आणि केस बसतील अशा दिशेने मागे ओढा. मागून पुढे कधीच सरकवू नका, केस उलटे होतात. मग खोगिराच्या पुढच्या कमानीत घोंगडी वर खेचून कण्यावर पोकळी ठेवा. स्वार बसल्यावरही कमान आणि पाठीचा उंचवटा यांत दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना अनेक घोडे पोट फुगवतात. म्हणून एका दमात आवळू नका. पहिल्यांदा हलका, वीस पावलं चालवून दुसऱ्यांदा, आणि स्वार बसून दहा-पंधरा मिनिटं झाली की तिसऱ्यांदा. तिसरी वेळ बहुतेक जण विसरतात, आणि ओढा उतरताना खोगीर स्वारासकट पोटाखाली जातं.

मुक्कामी पोहोचल्यावर तंग सैल करून खोगीर दहा मिनिटं तसंच राहू द्या. काढल्यावर पाठ नीट बघा. घामाचा ओला ठसा दोन्ही बाजूंना सारखा असेल तर उत्तम. ओल्या पाठीत रुपयाएवढा कोरडा डाग दिसला तर तिथे दाब जास्त पडतोय. दुसऱ्या दिवशी आणखी एक घोंगडी घालून हे सुटत नाही, उलट दाब वाढतो. खोगीर बदला, नाही तर घोडा मोकळा चालवा.

चारा आणि पाणी

वाटेत ज्वारी दिसते, घोडा तोंड घालतो, माणूस कौतुकाने बघत राहतो. हे चालणार नाही. कोवळ्या आणि पाण्याअभावी सुकत चाललेल्या ज्वारीत सायनाइडचा अंश असतो. घोड्याला ती जास्त दिवस मिळाली तर लघवीचा ताबा सुटतो आणि मागचे पाय लटपटतात. शिवाय पीक दुसऱ्याचं असतं. वाळलेला, बुरशी न धरलेला कडबा वेगळा. ज्या घोड्याला त्याची सवय आहे त्याला दिवसाला सहा-सात किलो चालतो. सवय नसेल तर सहलीआधी आठ-दहा दिवस थोडा थोडा वाढवत न्या. उसाच्या वाढ्यांचंही (हिरव्या शेंड्यांचंही) तेच. तोडणीच्या दिवसांत ती फुकट मिळतात म्हणून मुक्कामाच्या रात्री ढिगाने टाकली की पोटशूळ ठरलेला.

भिजवलेला हरभरा दिवसाला किलो-सव्वा किलो, दोन वेळांत विभागून, आणि उतरल्यावर तासाभराने. धापा टाकणाऱ्या घोड्याला चंदी देऊ नये, हे जुनं शहाणपण खरं आहे. ‘तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये’ हे मात्र सोडून द्या. पाणी पिऊ द्या आणि लगेच पाच-दहा मिनिटं चालवा. दिवसाला पंचवीस ते पंचेचाळीस लिटर लागतं, उन्हात त्याहून जास्त. या भागात अनेक बोअरचं पाणी मचूळ असतं आणि घोडा नाक फुरफुरून मागे सरतो. निघायच्या दोन-तीन दिवस आधीपासून घरच्या पाण्यात गुळाचा खडा विरघळवा, वाटेतही तसंच द्या, म्हणजे चव ओळखीची वाटते. बादली स्वतःची न्या. गावच्या सामाईक हौदातून ग्लँडर्ससारखे रोग पसरू शकतात, आणि ग्लँडर्स माणसालाही होतो. भाड्याने घोडा घेताना त्याच्या तपासणीचा दाखला मागायला लाजू नका.

नदी दिसते तशी नसते

भीमेचं पात्र आज कोरडं, म्हणून उद्याही तिथूनच परतायचं असं ठरवू नका. उजनी धरणातून नदीपात्रात पाणी सोडलं जातं. उथळ दिसणाऱ्या जागी वाळू उपशाचे खड्डे असतात, वर पाणी सपाट आणि खाली पुरुषभर खोल. काठावरच्या माणसाला विचारल्याशिवाय घोडा घालू नये. “मामा, इथनं जनावरं उतरत्यात का?” एवढा प्रश्न पुरतो. गुरं रोज जिथून जातात तीच वाट धरा. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या अरुंद माथ्यावरून स्वार होऊन जाऊ नका, आणि उजनीच्या फुगवट्याकाठच्या गाळात तर अजिबात नको.

काळ्या रानाचा त्रास दोन तऱ्हेचा. अवकाळी पाऊस झाला तर चिखल नाल ओढून काढतो. कोरडं असेल तर भेगांत खूर अडकतो. मंगळवेढ्याकडच्या शिवारात दुडकी चाल फक्त गाडीवाटेवर. सौर कुंपणाची तार दिसली की खाली उतरून घोडा लांबून न्या. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून परवानगीशिवाय वाट आखू नका.

खूर

नाल सहलीच्या आदल्या दिवशी ठोकून घेतात, ही चूक. एखादा खिळा नाजूक भागाजवळ गेला असेल तर लंगडणं दोन-तीन दिवसांनी दिसतं. पाच-सात दिवस आधी नालबंदाकडे जा. चालताना टापेचा आवाज ‘टक’ऐवजी ‘टिक-टक’ आला की नाल सैल झाली आहे, तिथेच उतरा. वेड्या बाभळीचा काटा तळव्यात मोडला तर उपटण्याआधी जागा आणि दिशा मोबाइलवर टिपून ठेवा, डॉक्टरला तेच लागतं. धनुर्वात घोड्याला चटकन होतो, म्हणून लस आधीच झालेली हवी.

स्वाराचं थोडं

आतून जाड शिवण असलेली जीन्स नको. बूट गुळगुळीत तळव्याचा, दीड-दोन सेंटिमीटर टाचेचा. खोल खाचांचे स्पोर्ट्स शूज रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) अडकतात. रिकीब बगलेत धरून हात खोगिराकडे ताणला की बोटांची टोकं तिच्या पट्ट्याच्या मुळाशी पोहोचावीत, तेवढी लांबी. हेल्मेट हवंच. नवख्यांसाठी दिवसाला वीस ते पंचवीस किलोमीटर पुष्कळ.

पोट दुखतंय हे कसं कळतं

घोडा पुढच्या पायाने माती उकरतो, वळून कुशीकडे बघतो, सारखा बसतो-उठतो, लीद थांबते. अशा वेळी चारा लगेच काढा, गडबडा लोळत असेल तर सावकाश फिरवा आणि जनावरांच्या डॉक्टरला फोन करा. बाटलीने तोंडात तेल ओतणं हा गावोगावी सांगितला जाणारा उपाय धोक्याचा आहे, कारण तेल फुफ्फुसात उतरू शकतं. फोनवर सांगायला नाडी मोजून ठेवा. जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून पंधरा सेकंदांचे ठोके मोजा आणि चारने गुणा. विसाव्याला २८ ते ४४ असते. चालून आल्यावरही पंधरा मिनिटांत साठच्या आसपास यायला हवी. शांत उभ्या घोड्याची साठच्या वर टिकून राहिली तर त्या दिवशी खोगीर चढवायचं नाही.